नाटकांच्या कॅसेट आणि एक लाख आठ हजारांचं कोटेशन

पत्राचा गोषवारा: सांगलीचे एक निवृत्त शिक्षक. तिथल्या एका हौशी नाट्यसंस्थेच्या प्रयोगांचं चित्रीकरण ते २००२ पासून करत आले आहेत. आधी मिनी-डीव्ही कॅसेटवर, मग मेमरी कार्डवाल्या एचडी कॅमकॉर्डरवर आणि गेली चार वर्षं फोनवर, फोर-केमध्ये. असे चाळीसेक प्रयोग जमले आहेत. गेल्या दिवाळीत त्यांनी ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. सोफा टीव्हीपासून साडेनऊ फुटांवर आहे. २०१४ चा, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह कॉम्प्युटर टीव्हीला जोडला, तर फोनवर घेतलेली नाटकं अडखळत चालतात. जुनी नाटकं चालतात, पण पात्र रंगमंचावर इकडून तिकडे गेलं की चित्र झटके खातं आणि हात हलला की कडेला रेघा दिसतात. ओळखीच्या दुकानदाराने ‘होम थिएटर पीसी’चं एक लाख आठ हजारांचं कोटेशन दिलं आहे: नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला आय-सेव्हन प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ७५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि रंगीत दिव्यांचं कॅबिनेट. पुण्यातला मुलगा म्हणतो, टीव्हीला लावायची एक स्ट्रीमिंग स्टिक घ्या, काम होईल. पत्नी म्हणतात, टीव्हीलाच पेनड्राइव्ह लावा की! वर्ष झालं, निर्णय होत नाही. “एकदाच काय ते चांगलं घ्यावं, पुढची दहा वर्षं बघायला नको. यात बरोबर कोण?” असं ते विचारतात. (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

सर, नमस्कार.

कॉम्प्युटरचं मागाहून बोलू. पत्रात मधेच तुम्ही सहज लिहून गेला आहात की सगळे प्रयोग एकाच पोर्टेबल हार्डडिस्कवर आहेत आणि “ती हल्ली जोडल्यावर कधी कधी उशिरा दिसते”. ते वाक्य वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. उशिरा दिसणारी डिस्क म्हणजे कुरकुरणारं दार नव्हे, तेल घातलं आणि भागलं असं म्हणायला. ती एक दिवस दिसणारच नाही, आणि त्या दिवशी लाखाचा कॉम्प्युटर समोर असला तरी त्यावर लावायला काही उरणार नाही.

तेव्हा पहिली खरेदी ही: चार-चार टीबीच्या दोन डिस्क. एवढी जागा पुरेल का? मिनी-डीव्हीचा एक तास साधारण १३ जीबी घेतो. एचडी कॅमकॉर्डरचा, अगदी २४ मेगाबिटच्या दर्जाला, अकरा जीबीच्या आसपास. फोनचा फोर-के तास दहा जीबीच्या आसपास. अडीच तासांचा प्रयोग धरला तर तुमचे चाळीस प्रयोग सव्वा टीबीच्या आत-बाहेर बसतात. म्हणजे पुढच्या कितीतरी नाटकांना जागा राहते. एक डिस्क घरी वापरायची आणि दुसरी मुलाकडे पुण्याला ठेवायची. दिवाळीला आला की नवे प्रयोग त्यात भरून परत न्यायची. दुसरी प्रत गावाबाहेर का, हे २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकराला मी सांगायला नको.

आता मूळ प्रश्न. तुम्ही दोन दुखणी एकाच आजाराची धरली आहेत आणि दुकानदारानेही दोन्हींवर एकच औषध लिहून दिलंय: जास्त ताकद. पण फोनची नाटकं अडखळतात त्याचं कारण वेगळं आणि जुन्या नाटकांत झटके बसतात त्याचं वेगळं. दुसऱ्या दुखण्याचा तर ताकदीशी काही संबंधच नाही.

फोनचं आधी. फोर-केचं एक चित्र म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके, आणि अशी चित्रं सेकंदाला तीस. दाबून न बसवता ती साठवली तर एका मिनिटाला वीस जीबीच्या वर जागा लागेल. फोन ती सगळी १७० एमबीच्या आसपास बसवतो, कारण तो एच.२६५ नावाच्या पद्धतीने चित्रं घडी घालून ठेवतो. बघताना ही घडी दर सेकंदाला तीस वेळा उलगडावी लागते. हे उलगडण्याचं काम सर्वसाधारण बुद्धीच्या प्रोसेसरवर टाकलं तर तो घामाघूम होतो. म्हणून ग्राफिक्सच्या भागात त्याच एका कामासाठी वेगळी सर्किटं कोरलेली असतात. त्याला डीकोडर म्हणतात. तो फक्त हेच करतो आणि अगदी थोड्या विजेत, आरामात करतो.

एच.२६५ हे मानक आलं २०१३ साली. तुमचा प्रोसेसर त्याच सुमाराचा. त्याच्यात आधीच्या एच.२६४ चा डीकोडर आहे, म्हणून कॅमकॉर्डरच्या फाइली चालतात, एच.२६५ चा पूर्ण डीकोडर नाही. इंटेलच्या प्रोसेसरांत तो सहाव्या पिढीपासून आला आणि दहा-बिट (जास्त बारीक छटांच्या) रंगांसकट सातव्या पिढीपासून. खात्री करायची असेल तर फोनवरचं नाटक व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये लावा, ‘टूल्स’मध्ये ‘कोडेक इन्फॉर्मेशन’ उघडा, तिथे पद्धतीचं नाव दिसेल. मग टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचा आकडा बघा. तो नव्वद-शंभर टक्क्यांवर चिकटलेला असणार. तुमचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय असं नाही, ही भाषा त्याला शिकवलेलीच नाही.

दुसरं दुखणं मला जास्त आवडलं, कारण ते फुकटात बरं होण्यासारखं आहे. आपल्याकडचे जुने कॅमेरे पाल पद्धतीचे. सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक रेघा, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या रेघा. खोक्याच्या टीव्हीवर ते बरोबर दिसायचं, कारण तो टीव्हीही तसाच, हप्त्याहप्त्याने रेघा ओढायचा. आजचा पडदा अख्खं चित्र एकदम दाखवतो. दोन्ही हप्ते तसेच एकावर एक ठेवले आणि मधल्या काळात नटाचा हात हलला, तर हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात. तलवारीचं दृश्य असेल तर विचारूच नका. याला उपाय डी-इंटरलेसिंग. व्हीएलसीमध्ये ‘व्हिडिओ’च्या यादीत तो चालू करा आणि पद्धत ‘याडिफ टू-एक्स’ निवडा. एकाची दोन चित्रं करून ते सेकंदाला पन्नास दाखवतं. हालचाल एकदम मऊ होते.

झटक्यांचं कारण त्याच्या शेजारचंच. कॉम्प्युटर टीव्हीला सहसा ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साठ वेळा, चित्र पाठवतो. सेकंदाला २५ चित्रं साठ घरांत वाटायची तर भाग सरळ जात नाही. काही चित्रं दोनदा दिसतात, काही तीनदा. नट उभा असेल तोवर कळत नाही. तो विंगेतून निघून दुसऱ्या विंगेत गेला की लंगडल्यासारखा वाटतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १९२० बाय १०८०, ५० हर्ट्झ करा. आपल्याकडे विकले जाणारे टीव्ही सहसा ५० हर्ट्झ घेतात. जाता जाता टीव्हीच्या मेन्यूमधलं हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल तेही बंद करा.

हे आज रात्रीच करून बघा. माझ्या अंदाजाने कॅसेट आणि कॅमकॉर्डरवरची सगळी नाटकं तुमच्या २०१४ च्या कॉम्प्युटरवर नीट चालायला लागतील. तशी ती चालली तर तुमचा प्रश्न चाळीस नाटकांचा उरत नाही. फोनवर घेतलेल्या थोड्या प्रयोगांचा उरतो.

आता ते कोटेशन. मारुतीच्या शेपटीसारखं ते लांबत कसं गेलं बघा. प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे, म्हणजे त्यात अंगभूत ग्राफिक्स नाहीच. म्हणजे वेगळं कार्ड घेणं आलं. कार्ड मोठं, म्हणून ७५० वॅटचा एसएमपीएस. दोघांची उष्णता बाहेर काढायची म्हणून चार पंखे. पंखे लावायचे म्हणून मोठं कॅबिनेट. आणि हे सगळं ज्या कामासाठी, ते काम त्या कार्डाच्या कोपऱ्यातला नखाएवढा डीकोडर करणार. बाकीचं कार्ड जांभया देत बसणार. ३२ जीबी रॅमचंही तेच. नाटक बघायला आठ पुरते. मी दुकानदाराला लबाड म्हणत नाही. त्याच्याकडे दिवसभर येणारी मुलं गेमवाली असतात, आणि ‘टीव्हीवर भारी दिसलं पाहिजे’ हे वाक्य ऐकलं की त्याचा हात त्याच फळीकडे जातो.

दुकानदार आणखी एक म्हणालाय, की या कार्डातल्या एआयमुळे जुनी नाटकंही फोर-के होतील. सर, इथे थोडं गणित करू, तुम्ही शिक्षक आहात. मिनी-डीव्हीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फोर-केत ८२,९४,४००. भागाकार करा, बरोब्बर वीस येतात. तुमच्या पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांतला एक कॅमेऱ्याने पाहिलेला, उरलेले एकोणीस कुणीतरी अंदाजाने भरलेले. हे भरण्याचं काम टीव्ही स्वतःही करतो आणि वाईट करत नाही. एआय ते जास्त आत्मविश्वासाने करतं, एवढाच फरक. कधी छान, कधी मेणाच्या बाहुलीसारखा चेहरा. २००४ साली ज्या नटाच्या कपाळावर घाम होता, तो कॅसेटवर जेवढा उतरला तेवढाच आहे. तो पैशांनी वाढत नाही.

फोर-केच्या मोहाबद्दलही एक सांगून टाकते. ५५ इंची पडद्यावर साध्या फुल एचडीचे ठिपके डोळ्याला वेगळे दिसायचे तर साधारण सात फुटांच्या आत बसावं लागतं. तुम्ही साडेनऊ फुटांवर बसता. तिथून फुल एचडी आणि फोर-के यांतला तपशिलाचा फरक निरोगी डोळ्यांनाही जेमतेम जाणवेल. तेव्हा काही करून ६० हर्ट्झचं फोर-केच हवं, यासाठी जीव टाकू नका.

मुलगा आणि काकू यांचं काय? दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि तुम्ही वर्षभर त्यांच्याशी उगाच वाद घातलात असं मला वाटतं. ओटीटी बघायचं असेल तर स्टिकच, किंवा टीव्हीतलीच ॲप. कॉम्प्युटरवर ही मंडळी हात आखडता घेतात. चोरीच्या भीतीने ब्राउझरवर बऱ्याचदा त्यांच्या सर्वोत्तम दर्जाचं चित्र मिळतच नाही. लाखाची मशीन घेऊन स्टिकपेक्षा वाईट चित्र बघायचं, असा तो प्रकार. आणि काकूंचं पेनड्राइव्ह! तुमच्या फोर-के टीव्हीत एच.२६५ चा डीकोडर असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे फोनची जी नाटकं तुमच्या कॉम्प्युटरवर अडखळतात, ती टीव्हीच्या पाठीला पेनड्राइव्ह लावला तर सरळ चालू शकतात. पेनड्राइव्ह मात्र एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. फॅट-३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि तुमचा पहिला अंकच तेवढा असेल. टीव्हीची अडचण येईल ती कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलींना. त्या बहुतेक टीव्हींना कळत नाहीत.

बघा म्हणजे, जुना कॉम्प्युटर जुन्या नाटकांना आणि टीव्ही नव्या नाटकांना, एवढ्यावर आज रात्री तुमचं भागतंय. खर्च शून्य.

पण तुम्हाला सगळं एका जागी हवंय, मुखपृष्ठासकट, वर्षवार लावलेलं, आलेल्या पाहुण्याला “२००६ चं लावू का?” म्हणता येईल असं. ती हौस मला पूर्ण समजते आणि ती काही चैन नाही. त्यासाठी दोन वाटा.

पहिली: जुन्याच कॉम्प्युटरला एक छोटं कार्ड. जीटी १०३० नावाचं २०१७ चं कार्ड आहे. जेमतेम ३० वॅट घेतं, ती वीजही मदरबोर्डच्या खाचेतूनच; वेगळी वायर नको, एसएमपीएस बदलायला नको. दहा-बिट एच.२६५ उलगडतं, आणि एचडीएमआय २.० असल्यामुळे फोर-के ६० हर्ट्झवर जातं. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरचं एचडीएमआय फोर-केला ३० च्या पुढे जात नाही. पंखा नसलेलं, नुसत्या ॲल्युमिनियमच्या पात्यांचं मिळतं, तेच घ्या. याच नावाने डीडीआर-४ मेमरीचं एक अशक्त भावंडही विकतात. डब्यावर जीडीडीआर-५ लिहिलंय ना, बघून घ्या. जोडीला एक लहान एसएसडी आणि पंख्यांतली दहा वर्षांची धूळ काढणं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. तेव्हा या मशीनची नेटची वायर काढून ठेवा. घरची नाटकं दाखवायला नेट लागतंच कुठे?

दुसरी वाट: पुस्तकाएवढा मिनी पीसी, इंटेलच्या एन-१०० जातीचा. २०२३ मध्ये आलेला हा प्रोसेसर. चार कोर, सहा वॅट. ऐकून दुकानदार हसेल, हसू द्या. एच.२६५ दहा-बिट, व्हीपी-९ आणि यूट्यूबवर हल्ली दिसणारं एव्ही-१, तिन्हींचे डीकोडर त्यात आहेत. त्या कोटेशनातल्या कार्डाने तुमची नाटकं जशी दिसली असती, तशीच याच्यावर दिसतील. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी पुरे. नाटकांची डिस्क यूएसबीला बाहेरून. मिनी पीसीवर लिब्रएलेक टाका, म्हणजे फक्त कोडी (व्हिडिओ यादीत मांडून दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवणारी छोटीशी लिनक्स. बटण दाबलं की थेट नाटकांची यादी समोर. कोडीमध्ये ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ चालू केलं की ५० आणि ६० हर्ट्झची अदलाबदल तो आपली आपण करतो. फोनचं नाटक सेकंदाला ३० चित्रांचं, कॅसेटचं २५ चं. तुम्हाला सेटिंगमध्ये शिरावं लागत नाही.

मला विचाराल तर दुसरी. पहिली स्वस्त आहे, पण अकरा वर्षांच्या टॉवरचा आवाज मी ऐकलेला आहे. आवाजाचंच सांगते, कारण कोटेशनात त्याची ओळ कधीच नसते. काही वर्षांपूर्वी मीही टीव्हीसाठी एक दणदणीत मशीन जोडून घेतली होती. चित्र सुरेख. एका रात्री घरच्या बैठकीचं रेकॉर्डिंग लावलं; तंबोरे जुळताहेत, गायक अजून गप्प, आणि मागून घों-घों. आधी मला वाटलं, रेकॉर्डिंगमध्येच पंखा आहे. मग टीव्ही बंद केला, तरी घों-घों चालूच. दुकानात तो आवाज आलाच नव्हता, कारण दुकान रस्त्यावर होतं आणि बाहेर रिक्षा. परत घेण्याचं बोलणं आधी झालेलं नव्हतं, ती मशीन दोन वर्षं मी कानाआड केली. नाटकात तर नट मुद्दाम थांबतो, त्या थांबण्यातच सगळं असतं. तिथे कॅबिनेटचे चार पंखे बोलायला लागले तर तुम्हाला कसं वाटेल?

म्हणून मशीन कुठलीही घ्या, आवाज झाला तर बदलून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. मिनी पीसीत बिनपंख्याचेही प्रकार आहेत. टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात तो कोंडू नका, उन्हाळ्यात तिथे भट्टी होते. आणि जमिनीवरही ठेवू नका. दुकानात जाताना पेनड्राइव्हमध्ये तीन तुकडे न्या: कॅसेटचा, कॅमकॉर्डरचा, फोनचा. तीनही लावायला सांगा. टास्क मॅनेजरच्या जीपीयूच्या पानावर ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख हलतोय आणि प्रोसेसर दहा-वीस टक्क्यांवर पडून आहे, असं दिसलं की पाकीट काढा. हे फक्त तुमच्यासाठी नाही. ज्या वाचकांना मशीन जोडूनच घ्यायची आहे, त्यांनीही आकडे ऐकण्याऐवजी हेच करावं.

त्या वाचकांसाठी थोडं इथेच. घरच्या चित्रीकरणाचं संकलनही त्याच मशीनवर करायचं असेल, तर जोडून घेण्यात अर्थ आहे. मिनी पीसी तिथे कमी पडेल. इंटेल घेत असाल तर बाराव्या पिढीचा किंवा पुढचा आय-थ्री, आय-फाइव्ह, नावाशेवटी ‘एफ’ नसलेला. एएमडीत रायझेन ५६००जी स्वस्त म्हणून पुढे करतात. त्यात एव्ही-१ चा डीकोडर नाही, ८००० च्या मालिकेतल्या ‘जी’वाल्यांत आहे. मदरबोर्डच्या कागदावर एचडीएमआयचा आकडा वाचा, १.४ लिहिलं असेल तर फोर-के ३० हर्ट्झवरच अडकेल. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस फुकटच असतो. ८० प्लसचा ठप्पा असलेला ४५० वॅटचा चांगल्यापैकी घ्या. १२० मिलिमीटरचा मोठा, सावकाश फिरणारा पंखा लहान, भिरभिरणाऱ्या पंख्यापेक्षा केव्हाही शांत. फोर-के ब्लू-रेच्या दर्जाच्या फाइली दुसऱ्या खोलीतून नेटवर्कने आणणार असाल तर गिगाबिट पोर्ट बघा. त्या फाइली कधी कधी १०० मेगाबिटच्या वर जातात आणि साध्या पोर्टला गुदमरवतात.

सर, तुमच्याकडे २०१२ चा पाच स्पीकरवाला रिसीव्हर आहे आणि ‘तोही बदलावा लागेल’ असं तुम्हाला सांगण्यात आलंय. नाही लागणार. त्याच्यातून चित्र नेऊ नका, एवढंच. जुन्या एचडीएमआयमुळे तो फोर-केला अडवतो. मिनी पीसी थेट टीव्हीला जोडा आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायरने आवाज रिसीव्हरला द्या. ऑप्टिकलवर नवे भारी प्रकार जात नाहीत, पण तुमचं रेकॉर्डिंग दोनच चॅनलचं, ते पूर्ण दर्जाने जातं. ओठ आणि शब्द जरासे मागे-पुढे झाले तर कोडीत आवाज मागे-पुढे सरकवायची सोय आहे.

आणखी एक तुमच्या नजरेला नक्की खटकेल. अंक संपतो, दिवे जातात, मिट्ट काळोख व्हायला हवा, आणि पडदा राखाडी दिसतो. तेव्हा मशीन बिघडली समजू नका. टीव्ही काळा रंग ० पासून मोजतोय आणि कॉम्प्युटर १६ पासून पाठवतोय, एवढंच झालेलं असतं. दोन्हीकडे ‘फुल’ किंवा दोन्हीकडे ‘लिमिटेड’ करा. कडेने चित्र कापलं जात असेल तर टीव्हीच्या चित्राच्या आकारात ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ शोधा.

रिमोटचं आधीच सांगते, नाहीतर काकू मला बोलतील. बहुतेक कॉम्प्युटर एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीच्या रिमोटचं ऐकत नाहीत. यूएसबीला लावायचा रिसीव्हर असलेला छोटा रिमोट मिळतो, तो पहिल्या दिवशीच घ्या. कीबोर्ड मांडीवर घेऊन नाटक बघायला लावलंत तर आठवड्यात त्या पेनड्राइव्हकडे परत जातील, आणि बरोबरच असेल.

‘एकदाच घ्यावं, दहा वर्षं बघायला नको’ हे राहिलं. दहा वर्षांनी घडी घालायची पद्धत बदललेली असेलच, एच.२६६ हे मानक २०२० मध्ये येऊनही बसलंय. तेव्हा आजच्या लाखाच्या मशीनमधलं कार्ड आणि आजचा छोटा डबा, दोघंही त्या नव्या भाषेला सारखेच अडाणी ठरतील. पण तुमची कॅसेटची नाटकं तेव्हाही त्याच भाषेत असतील, आणि ती तर २०१४ च्या मशीनलाही येते.

वाचलेल्या पैशांचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. न उतरवलेल्या अकरा कॅसेट आहेत असं तुम्ही लिहिलंय, आणि जुन्या कॉम्प्युटरला फायरवायरचं, म्हणजे कॅमेऱ्यातून कॅसेट उतरवायच्या वायरीचं, कार्ड आहे. तो पोर्ट आता नव्या मशीनवर सापडत नाही. म्हणून एक्स्चेंजमध्ये दुकानदार त्या कॉम्प्युटरचे दीड-दोन हजार देतो म्हणाला तरी देऊ नका. मिनी-डीव्हीचा कॅमेरा कपाटातून काढा, डोकं साफ करायची कोरडी कॅसेट मिळाली तर काही सेकंद फिरवा, आणि आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून तो फीत गिळत नाही ना ते बघा. मग सगळ्यात जुनी लावा. डीव्ही कॅसेट घड्याळाच्याच वेगाने उतरते, अडीच तासांच्या नाटकाला अडीच तास. एका बैठकीत एकच नाटक होईल.